मुळांच्या पेशीपटलाचा इजेला प्रतिसाद

मुळांच्या पेशीपटलाचा इजेला प्रतिसाद म्हणजे वनस्पतीच्या मुळातील पेशी कापल्या, चिरडल्या, घासल्या, ताणल्या किंवा टोचल्या गेल्यावर त्या पेशींच्या आणि त्यांच्या शेजारच्या निरोगी पेशींच्या पटलात क्रमाने घडून येणारे विद्युत, रासायनिक व संरचनात्मक बदल होत. पटल फाटलेली पेशी बहुधा मरते. मात्र तिच्यातून बाहेर पडणारे पदार्थ आणि तिच्याभोवती बदललेला दाब यांमुळे शेजारच्या पेशींना इजेची सूचना मिळते. या सूचनेवर जखमेचे विलगीकरण, नष्ट झालेल्या पेशींची भरपाई आणि रोगकारक सूक्ष्मजीवांविरुद्धचे संरक्षण या तिन्ही क्रिया अवलंबून असतात. वनस्पतींमध्ये जखमेकडे धावून जाणाऱ्या रक्तपेशींसारख्या फिरत्या पेशी नसतात. प्रत्येक पेशी तिच्या भित्तिकेत जागच्या जागी बांधलेली असते. त्यामुळे प्रतिसादाचा सगळा भार जखमेलगतच्या पेशींवर पडतो.

मुळाची रचना व पटलाचे कार्य

कोवळ्या मुळात बाहेरून आत अनुक्रमे अपित्वचा, मध्यत्वचा, अंतस्त्वचा, परिरंभ आणि वाहक ऊतके अशी रचना आढळते. अपित्वचेच्या काही पेशींपासून मूलरोम निघतात. ते पाणी व खनिजे शोषणारा पृष्ठभाग वाढवतात आणि अत्यंत नाजूक असतात. टोकाशी मूलटोपी असते. तिच्या बाहेरच्या पेशी मातीशी होणाऱ्या घर्षणात सतत गळून पडतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. अंतस्त्वचेच्या पेशींच्या भित्तिकांमध्ये कॅस्पारी पट्टी असते. या जलरोधक पट्टीमुळे मातीतील द्रावणाला भित्तिकांमधून थेट वाहक ऊतकांपर्यंत जाता येत नाही. त्याला कोणत्या ना कोणत्या पेशीचे पटल ओलांडावेच लागते.

पेशीपटल हे मेदरेणूंच्या दुहेरी थराचे असून त्यात अनेक प्रकारची प्रथिने रुतलेली असतात. त्याची जाडी सुमारे ७ ते १० नॅनोमीटर असते. पटलातील प्रोटॉन पंप एटीपीची ऊर्जा वापरून हायड्रोजन आयन बाहेर टाकतात. त्यामुळे पटलाच्या दोन्ही बाजूंना विद्युत विभवाचा फरक निर्माण होतो. मुळाच्या जिवंत पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारणपणे १०० ते २०० मिलिव्होल्टने ऋण असते. पोटॅशियम, नायट्रेट, फॉस्फेट इत्यादी आयनांचे शोषण याच फरकाच्या बळावर चालते. पटलाला भोक पडले की हा फरक नाहीसा होतो आणि शोषण थांबते.

पटलावर सतत दाबही असतो. परासरणाने आत आलेल्या पाण्यामुळे पेशी फुगते आणि पटल भित्तिकेवर दाबले जाते. हा स्फीतिदाब मुळाच्या पेशींत बहुधा ०.३ ते १ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या ३ ते १० पट असतो. मोटारीच्या टायरमध्ये भरलेल्या हवेपेक्षा तो अधिक ठरतो. पटल स्वतः फारसे ताणले जात नाही. त्याचे क्षेत्रफळ काही टक्क्यांनी वाढले तरी ते फाटते. म्हणून भित्तिकेचा आधार तुटताच पटलही टिकत नाही.

इजेची कारणे

जमिनीत वाढणाऱ्या मुळाला इजा होणे ही नित्याची बाब आहे. तिची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

• मातीच्या टणक कणांशी होणारे घर्षण आणि घट्ट झालेल्या जमिनीतून पुढे सरकताना पडणारा दाब.
• सूत्रकृमी, किडींच्या अळ्या आणि इतर मृदाजीवांनी मुळाला टोचणे किंवा कुरतडणे.
• जमिनीला भेगा पडल्यामुळे मुळे ताणली जाऊन तुटणे.
• नांगरणी, कोळपणी, रोपांची उपटणी व पुनर्लावणी यांसारखी शेतीची कामे.
• मुळाची नैसर्गिक वाढ. उपमुळे परिरंभात उगम पावतात आणि बाहेर येताना अंतस्त्वचा, मध्यत्वचा व अपित्वचा यांतून वाट काढतात. तेथे पेशींचे थर एकमेकांपासून विलग होत असल्याने ही जागा काही काळ उघडी राहते.

प्रतिसादाचे टप्पे

पहिली काही सेकंदे

पटल फाटताच पेशीतील दाब नाहीसा होतो आणि रिक्तिकेतील व पेशीद्रवातील पदार्थ बाहेर सांडतात. त्यांत पोटॅशियम, एटीपी, शर्करा, अमिनो आम्ले आणि प्रथिने यांचा समावेश असतो. एरवी पेशीबाहेरच्या जागेत एटीपी किंवा ग्लुटामेट अत्यल्प असते. त्यामुळे तेथे त्यांचे प्रमाण अचानक वाढले, तर जवळपास एखादी पेशी फुटली आहे असा त्याचा अर्थ होतो.

लगतच्या जिवंत पेशींच्या पटलांचे विध्रुवण होते, म्हणजे त्यांच्या आतील ऋण विभव कमी होतो. कॅल्शियम आयन आत येतात, क्लोराइडसारखे ऋण आयन आणि त्यांच्या पाठोपाठ पोटॅशियम आयन बाहेर जातात. प्रोटॉन पंपाचे कार्य मंदावल्याने पेशीबाहेरील द्रव काही काळ कमी आम्लधर्मी होतो. पंप पूर्ववत चालू झाल्यावर विभव हळूहळू मूळ पातळीवर येतो.

पेशीद्रवात मुक्त कॅल्शियमचे प्रमाण सुमारे १०० नॅनोमोलर इतके अल्प राखलेले असते. भित्तिकेत आणि रिक्तिकेत ते हजारो पटींनी जास्त असते. एवढ्या मोठ्या फरकामुळे मार्गिका क्षणभर उघडल्या तरी पेशीद्रवातील कॅल्शियम झपाट्याने वाढते. हा बदल पेशीतील अनेक विकरे आणि प्रथिने ओळखतात. म्हणून कॅल्शियम हा इजेचा सर्वांत तत्पर अंतर्गत संकेत ठरतो. पटलावरील ताणाने उघडणाऱ्या मार्गिकाही मुळांच्या पेशींत आढळतात. एमएसएल-९, एमएसएल-१० आणि एमसीए-१ ही त्यांच्याशी संबंधित प्रथिने अरॅबिडॉप्सिस थॅलियाना या मोहरीच्या कुळातील प्रयोगवनस्पतीत अभ्यासली गेली आहेत.

पुढील काही मिनिटे

कॅल्शियम वाढल्यावर पटलातील ऑक्सिडेज विकरे पेशीबाहेर क्रियाशील ऑक्सिजन संयुगे तयार करू लागतात. हायड्रोजन पेरॉक्साइड हे त्यांपैकी एक. ही संयुगे शेजारच्या पेशींतील कॅल्शियम मार्गिकांवर परिणाम करून संकेत पुढे नेतात, भित्तिकेतील घटकांचे परस्परबंध वाढवतात आणि प्रमाणाबाहेर गेल्यास पटलातील मेदांनाही हानी पोहोचवतात. फॉस्फोलिपेज विकरे पटलातील मेदांचे विघटन करून फॉस्फेटिडिक आम्लासारखे संकेतरेणू निर्माण करतात. लवकांच्या पटलांतून मुक्त होणाऱ्या लिनोलेनिक आम्लापासून जॅस्मोनेट हे संप्रेरक बनते.

पुढील काही तास व दिवस

जनुकांच्या अभिव्यक्तीत बदल होतो, एथिलीन, जॅस्मोनेट आणि ऑक्सिन या संप्रेरकांचे प्रमाण वा वाटप बदलते, जखमेच्या कडेच्या भित्तिका जाड होतात आणि योग्य जागी असलेल्या पेशी विभाजित होऊ लागतात.

शेजारच्या पेशींना मिळणारी सूचना

फुटलेल्या पेशीतून बाहेर आलेले पदार्थ ओळखणारी ग्राही प्रथिने शेजारच्या पेशींच्या पटलात असतात. पेशीबाहेरील एटीपी ओळखणारे वनस्पतींतील पहिले ग्राही प्रथिन २०१४ साली अरॅबिडॉप्सिसमध्ये निश्चित झाले. त्याला डॉर्न-१ असे नाव आहे. ग्लुटामेटसाठी प्राण्यांच्या चेतापेशींतील ग्राहींशी साम्य असलेली प्रथिने वनस्पतींत असतात. २०१३ साली पानांवरील प्रयोगांत असे दिसले, की ही प्रथिने नसलेल्या वनस्पतींत जखमेचा विद्युत संकेत दूरच्या पानांपर्यंत नीट पोहोचत नाही. २०१८ साली प्रकाशमान प्रथिनांच्या साहाय्याने पानातून पानाकडे जाणारी कॅल्शियमची लाट प्रत्यक्ष दाखवण्यात आली. तिचा वेग सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर होता.

काही सूचना विशिष्ट पेप्टाइडांच्या रूपात असतात. अशा पेप्टाइडांपैकी पेप-१ हे २००६ साली अरॅबिडॉप्सिसमधून वेगळे करण्यात आले. निरोगी पेशीत त्याचे पूर्वरूप रिक्तिकेच्या पटलाला जोडलेले असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मुळाच्या पेशी लेसरने फोडण्यात आल्या. तेव्हा फुटलेल्या पेशीत शिरलेल्या कॅल्शियममुळे मेटाकॅस्पेज नावाचे विकर कार्यान्वित होऊन ते पूर्वरूपातून पेप-१ कापून मोकळे करते, असे आढळले. ही क्रिया इजा झालेल्या पेशीपुरतीच मर्यादित होती. शेजारच्या, केवळ कॅल्शियमची लाट पोहोचलेल्या पेशींत ती घडली नाही. म्हणजेच पटल खरोखर फुटणे आणि त्याची बातमी मिळणे या दोन अवस्थांत पेशी भेद करते.

पटलाची दुरुस्ती व जखमेचे विलगीकरण

मेदांचा दुहेरी थर प्रवाही असल्यामुळे अगदी सूक्ष्म छिद्रे आपोआप मिटू शकतात. त्याहून मोठी हानी भरून काढण्यासाठी पेशीतील पटलमय पुटिका फाटलेल्या जागी येऊन पटलात विलीन होतात. त्यासाठी आत शिरणारे कॅल्शियमच संकेताचे काम करते. वनस्पतींत या संदर्भात सिनॅप्टोटॅग्मिन-१ या प्रथिनाचा विशेष अभ्यास झाला आहे. हे प्रथिन कॅल्शियम व पटलातील मेद या दोहोंशी बद्ध होते आणि आंतर्द्रव्यजालिका जेथे पेशीपटलाला भिडते, अशा संपर्कबिंदूंवर मुख्यतः आढळते. ते नसलेल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये क्षारांचा ताण पडल्यावर पटलाची अखंडता टिकत नाही, गोठण सोसण्याची क्षमता घटते आणि यांत्रिक दाबाखाली पेशी अधिक प्रमाणात मरतात, असे २००८ व २०१५ सालच्या संशोधनांत दिसून आले.

या दुरुस्तीला स्फीतिदाबामुळे मर्यादा पडते. प्राण्यांच्या पेशीत पटलावर असा मोठा दाब नसतो. वनस्पतीच्या पेशीत मात्र मोठी फट पडताच दाबाखालील द्रव वेगाने बाहेर येतो. त्यामुळे वनस्पती मोठी इजा झालेली पेशी वाचवण्याऐवजी तिला इतरांपासून तोडते.

हे तोडण्याचे काम पेशीद्रव्यसेतूंवर होते. शेजारच्या पेशींचे पटल व पेशीद्रव सुमारे ५० नॅनोमीटर व्यासाच्या या सूक्ष्म नळ्यांतून सलग जोडलेले असतात. एका पेशीतील दाब अचानक उतरला आणि या नळ्या उघड्याच राहिल्या, तर निरोगी पेशींतील द्रवही जखमेतून वाहून जाईल. दोन पेशींमध्ये दाबाचा मोठा फरक निर्माण झाल्यास पेशीद्रव्यसेतू बंद होतात, हे १९९२ साली प्रयोगाने दाखवण्यात आले. त्यानंतर पटलातील विकरे सेतूंच्या तोंडाशी कॅलोज ही बहुशर्करा साठवून ती अरुंद करतात. कॅल्शियम वाढल्यावर कॅलोजची निर्मिती वेग घेते. पुढे जखमेच्या कडेला लिग्निन व सुबेरिन यांचे थर साठून तो भाग जलरोधक बनतो. अंतस्त्वचेपर्यंत इजा पोहोचली असेल, तर हे थर बसेपर्यंत मातीतील क्षार पटलांची गाळणी चुकवून वाहक ऊतकांत शिरू शकतात.

ऊतकाची भरपाई

वनस्पतींच्या पेशी स्थलांतर करू शकत नसल्यामुळे मेलेल्या पेशीची जागा शेजारच्या पेशींनी विभाजनाने भरावी लागते. १९९५ साली अरॅबिडॉप्सिसच्या मूलाग्रातील एकेक पेशी लेसरने नष्ट करून केलेल्या प्रयोगांत, रिकाम्या जागेत शिरलेली पेशी नव्या जागेला अनुरूप अशी ओळख धारण करते, असे दिसले. मुळातील पेशीचे भवितव्य तिच्या वंशापेक्षा तिच्या स्थानावर अधिक ठरते, हा निष्कर्ष त्यातून निघाला. २०१९ साली असेही आढळले, की जखमेच्या आतल्या बाजूची पेशी विभाजित होऊन बाहेरच्या थरातील हरवलेली पेशी निर्माण करते. मेलेली पेशी कोसळल्यावर तिच्या शेजारणींवरील दाब बदलतो आणि त्या रिकाम्या जागेकडे फुगतात. हा भौतिक बदल व ऑक्सिनचा स्थानिक संकेत मिळून विभाजनाची जागा आणि दिशा ठरते. मूलाग्र कापून टाकले, तरी काप टोकाच्या पुरेसा जवळ असल्यास काही दिवसांत नवे टोक तयार होते.

इजा व सूक्ष्मजीव

मूळ अगणित जिवाणू व बुरशींच्या सहवासात वाढते. यांतील बहुतेक सूक्ष्मजीव निरुपद्रवी असतात. काही नत्र स्थिर करतात, काही फॉस्फरस उपलब्ध करून देतात. अशा परिस्थितीत प्रत्येक जिवाणूविरुद्ध संरक्षण उभारले, तर मुळाची शक्ती व्यर्थ जाईल आणि उपकारक सहवासही संपेल. या पेचावरील एक उत्तर २०२० साली अरॅबिडॉप्सिसच्या मुळांवरील संशोधनातून पुढे आले. जिवाणूंच्या कशाभिकेतील फ्लॅजेलिन या प्रथिनाचा अंश मुळाला दिला असता पूर्ण वाढ झालेल्या भागातील पेशींनी फारसा प्रतिसाद दिला नाही. पण एखादी पेशी लेसरने फोडल्यावर तिच्या लगतच्या पेशी त्याच अंशाला जोरदार प्रतिसाद देऊ लागल्या. जिवाणूची चाहूल आणि इजेची सूचना या दोन्ही एकत्र आल्यावरच संरक्षण उभे राहते, असा याचा अर्थ होतो. मुळासाठी पटलाची अखंडता ही मित्र व शत्रू यांतील भेद ओळखण्याची कसोटी ठरते.

सूत्रकृमींच्या बाबतीत या कसोटीचे महत्त्व स्पष्ट दिसते. पुटी करणारे सूत्रकृमी मुळात शिरताना पेशी फोडत जातात. मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी मात्र पेशींच्या मधल्या जागेतून सरकतात आणि वाटेत फारच थोड्या पेशींची हानी करतात. २०१९ साली एकाच पेशीला इजा करून केलेल्या प्रयोगांत मुळाच्या त्या भागापुरता एथिलीनचा प्रतिसाद निर्माण झाला. या प्रतिसादामुळे सूत्रकृमींच्या हालचालीला आळा बसतो, असेही त्यात आढळले.

इजेची सूचना शत्रूलाही उपयोगी पडू शकते. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ट्युमिफेशियन्स हा जिवाणू जखमी पेशींतून झिरपणारी अ‍ॅसिटोसिरिंगोनसारखी फिनॉलिक संयुगे ओळखतो, त्यांच्यामुळे त्याची रोगकारक जनुके कार्यान्वित होतात आणि खोड-मुळाच्या सांध्याशी गाठी निर्माण होतात. याच गुणधर्माचा उपयोग करून वनस्पतींत इच्छित जनुके घालण्याचे तंत्र विकसित झाले.

संशोधनाचा इतिहास

पटलाच्या निवडक पार्यतेची कल्पना १९व्या शतकाच्या उत्तरार्धात विल्हेल्म फेफर व ह्यूगो द व्ह्रीस यांच्या परासरणावरील अभ्यासातून दृढ झाली. जॉन बर्डन-सँडरसन यांनी १८७३ साली माशीखाऊ वनस्पतीच्या पानात विद्युत संकेत नोंदवले. जगदीशचंद्र बोस यांनी १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘प्लँट रिस्पॉन्स’ या ग्रंथात, केवळ लाजाळूसारख्याच नव्हे तर सर्वसाधारण वनस्पतीही उद्दीपनाला प्रतिसाद देतात, असे प्रतिपादन केले. १९१२ साली हेख्ट यांनी पेशीतील द्रव्य आकसताना पटल व भित्तिका यांना जोडून ठेवणाऱ्या सूक्ष्म तंतूंचे वर्णन केले. हे तंतू आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. विंथ्रॉप ऑस्टरहाउट यांनी १९२२ सालच्या आपल्या ग्रंथात ऊतकाच्या विद्युतवाहकतेवरून इजा, पुनःस्थिती व मृत्यू यांचे मापन केले. इजा ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर पार्यता पूर्ववत होते, त्यापलीकडे नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. आयनांच्या निवडक शोषणासाठी मुळाबाहेर कॅल्शियम असणे आवश्यक असते, हे इमॅन्युएल एपस्टाइन यांनी १९६१ साली दाखवले.

अभ्यासाच्या पद्धती

इव्हान्स ब्लू हे रंजक अखंड पटलातून आत जात नाही, त्यामुळे निळ्या दिसणाऱ्या पेशी मृत समजल्या जातात. प्रोपिडियम आयोडाइड जिवंत पेशींच्या केवळ भित्तिका रंगवते, पण पटल फुटलेल्या पेशीत शिरून केंद्रकही लाल करते. मुळे शुद्ध पाण्यात ठेवून त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजल्यास झिरपलेल्या आयनांचा अंदाज येतो. पटलाचा विभव सूक्ष्म विद्युतअग्रांनी, तर कॅल्शियमचे बदल प्रकाशमान प्रथिनांनी मोजले जातात.

या अभ्यासात अडचण अशी, की मोजण्यासाठी मुळाला हात लावणे हीच इजा ठरू शकते. मक्याच्या मुळांचे नुकतेच कापलेले तुकडे आयन कमी शोषतात, पण हवा खेळवलेल्या सौम्य द्रावणात काही तास ठेवल्यावर त्यांचे शोषण लक्षणीय वाढते. कापण्याच्या धक्क्याने प्रोटॉन पंप व आयन वहन मंदावते आणि नंतर सावरते, हे त्याचे एक कारण आहे. तुकडे केव्हा कापले व किती वेळ धुतले याची नोंद नसेल, तर अशा प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

शेतीतील महत्त्व

भात, मिरची, टोमॅटो, वांगी इत्यादी पिकांची रोपे उपटून लावताना मूलरोम आणि कोवळी मूलाग्रे मोठ्या प्रमाणात तुटतात. पानांतून पाणी जात राहते, पण शोषण करणारी पटले कमी झालेली असतात. म्हणून रोप नवी मुळे फुटून जीव धरेपर्यंत मलूल दिसते. मातीच्या गोळ्यासह रोप हलवणे, ट्रेमध्ये रोपे वाढवणे, उन्हे उतरल्यावर लावणी करणे आणि लगेच पाणी देणे यांमुळे हा काळ कमी होतो. पीक वाढल्यावर खोल कोळपणी केल्यास वरच्या थरातील मुळे तुटतात. मर रोगाची बुरशी अशा जखमांतून आणि उपमुळे बाहेर पडण्याच्या जागांतून मुळात प्रवेश करू शकते. सूत्रकृमींचा उपद्रव असलेल्या शेतात मर रोग अधिक तीव्र होण्याचे हे एक कारण आहे.

जमिनीतील कॅल्शियमचाही पटलाच्या टिकाऊपणाशी थेट संबंध आहे. कॅल्शियम पटलातील मेद व प्रथिनांच्या ऋण गटांना एकमेकांशी बांधून ठेवते. सोडियमचे प्रमाण वाढले की ते पटलावरील कॅल्शियमची जागा घेते आणि पोटॅशियम झिरपू लागते. कापसाच्या मुळांवर १९८५ साली हे दिसून आले. चोपण जमिनींच्या सुधारणेसाठी वापरल्या जाणाऱ्या जिप्समचा मुख्य हेतू मातीच्या कणांवरील सोडियम हटवणे हा असतो. त्यातून विरघळणारे कॅल्शियम मुळांच्या पेशीपटलांनाही उपलब्ध होते.